एकाच धावेनं

वॉल्टर-सान मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी एका भंगार व्हॅनमध्ये दारं लावून शिव्या देत बसलो होतो.

नागोयाच्या बाहेर माझं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. लिलावातून गाड्या घ्यायच्या, सोडवायच्या, इंजिनं आणि गिअरबॉक्स कंटेनरमध्ये भरून दुबईला नाहीतर आफ्रिकेला पाठवायचे, हा माझा धंदा. मूळचा मी कोल्हापूरचा. फिटर म्हणून ट्रेनिंगला इथे आलो, मग एका पाकिस्तानी व्यापाऱ्याच्या यार्डात राबलो, मग स्वतःचं यार्ड घातलं. कुणी हात दिला नाही. घासाघीस करत उभा राहिलो. डोकं माझं जन्माचं तापट, पण या देशात आवाज चढवला की काम संपलं. समोरच्याची चूक असली तरी रानटी तुम्हीच ठरता. म्हणून मी एक सोय करून ठेवली होती. फोन ठेवायचा, यार्डाच्या मागच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये जाऊन बसायचं, दार लावायचं आणि कोल्हापुरीत मोकळं व्हायचं.

त्या दिवशी शेजारच्या मोकळ्या जागेच्या मालकानं मला नकार दिला होता. परदेशी माणसाला जागा देण्याचा विचार नाही, म्हणाला. वर असंही म्हणाला, "तुमच्याबद्दल काही नाही हं, मोहिते-सान. तुम्ही तर फार शांत आहात." त्या 'शांत'वर मी व्हॅनमध्ये बसून मालकाच्या सात पिढ्या उद्धरत होतो, तेवढ्यात मागचं दार सरकलं. सहा फुटी, काळा, पांढऱ्या केसांचा म्हातारा वाकून आत बघत होता.

"हे सीट विकायचं आहे का?" त्यानं अस्खलित जपानीत विचारलं. "की त्यावर बसलेला माणूस त्याच्यासोबतच मिळतो?"

मी खाली उतरलो. त्यांना ते मागचं लांब सीट हवं होतं. त्यांच्या बेसबॉलच्या संघाला मैदानाच्या कडेला बसायला बाक नव्हता. मी सवयीनं दुप्पट किंमत सांगितली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा आकडा तू मी खाली आणावा म्हणून सांगितलास. खरा आकडा कुठला?"

"घासाघीस करा, म्हणजे कळेल."

"मी करत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर केली. खरा आकडा सांग, देतो."

मला राग आला. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही म्हणजे ते आपल्याला मोजतच नाही, असं माझं मत. रागाच्या भरात मी खरा आकडा सांगून बसलो. त्यांनी पैसे दिले, सीट सोडवायला स्वतः हात लावला आणि जाताना विचारलं, "मघाशी आत काय म्हणत होतास? ऐकायला छान वाटत होतं." मी त्यांना सगळ्यात सौम्य शब्द शिकवला. तेव्हापासून त्यांच्या पिचरनं चेंडू भलतीकडे टाकला की मैदानाच्या कडेनं खर्जातलं 'आयला' ऐकू यायचं.

आम्ही इंग्रजी-जपानीची खिचडी बोलायचो. इथे त्यांच्या तोंडी मी 'तू' घातलं आहे, कारण त्यांच्या आवाजात ते होतं. मी त्यांना अहो-जाहोच करायचो. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. गावात सगळे त्यांना पहिल्या नावानंच ओळखत. आडनाव मी आत्ता सांगत नाही. त्यामागे कारण आहे, ते पुढे येईल.

तरुणपणी ते अमेरिकेच्या सैन्यातून जपानला आले, नोकरी सुटल्यावर परत गेले नाहीत. इथल्याच बाईशी लग्न केलं. मूल झालं नाही. बायको गेल्यावर नदीकाठच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. शाळांमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि दर रविवारी नदीकाठच्या मैदानावर हौशी संघ खेळवायचे. त्या संघात निम्मे आपलेच होते. पुण्याहून मोटार कंपन्यांत पोस्टिंगवर आलेली पोरं. क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे बॅट आडवी मारायची तर उभी घालायची आणि बॅट हातात घेऊनच पळायची. "बॅट टाक!" हे वाक्य वॉल्टर-सान मराठीतच ओरडायचे.

मी खेळत नसे. पिंपभर चहा घेऊन कडेला बसायचो. माझी बायको सुनंदा डब्यात भाकरी आणि झुणका द्यायची. ते भाकरीचा वास आधी घ्यायचे, मग तुकडा मोडायचे. त्यांची आई मक्याच्या पिठाची अशीच जाड भाकर तव्यावर भाजायची म्हणे. "फक्त ही जास्त तिखट आहे," म्हणायचे आणि झुणका बोटानं पुसून खायचे.

त्यांचा एकच हट्ट होता. धावफलकावर खरा आकडा लागला पाहिजे. आमचा संघ वीस धावांनी हरला तरी वीसच्या वीस लावायचे. समोरचे दमून गेले, चला इथेच थांबू, असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "थांबू. पण आकडा खरा लाव." मला वाटायचं, म्हाताऱ्याचा चक्रमपणा. एका रविवारी त्यामागचं कळलं.

त्या दिवशी आमची गाठ गावच्या संघाशी होती. आमचा पिचर समीर जोगळेकर. सडपातळ, चष्मेवाला, पण खांद्यात विलक्षण जोर. त्याचा चेंडू दिसायच्या आत मागच्या ग्लोव्हमध्ये फट्कन वाजायचा. गावच्या संघाकडून नेमके समीरच्या खात्याचे साहेब खेळायला आले होते. ते बॅट घेऊन उभे राहिले आणि समीरचा चेंडू एकदम मवाळ झाला. साहेबांनी मारला. पुढच्या खेपेला पुन्हा मवाळ. साहेब खूश, त्यांचे सोबती टाळ्या वाजवतायत, आपली पोरं गालातल्या गालात हसतायत. शेवटी आम्ही एका धावेनं जिंकलो. सगळ्यांची मनं राखली गेली. मलाही यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी समीरची पाठ थोपटली. "शहाणा आहेस. साहेबाला खेळवायचंच असतं."

वॉल्टर-सान व्हॅनच्या सीटवर बसून होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"समीर, तुझा हात दुखावला का?"

"नाही, सर."

"मग साहेबांना तसे चेंडू का टाकलेस?"

समीर हसला. "सर, माझं अप्रेझल त्यांच्याकडे आहे. काय करणार?"

"त्यांनी तुला तसं सांगितलं होतं?"

"नाही हो. सांगायला कशाला पाहिजे?"

म्हाताऱ्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते रागावतील असं वाटलं, पण ते घाबरल्यासारखे दिसत होते. उठले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले. पोरं सामान आवरून गेली. मी चहाचं पिंप उचलून त्यांच्यामागे गेलो.

तिथे त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. ती मी जशी ऐकली तशी लिहितो.

त्यांचे वडील अमेरिकेत दक्षिणेकडे वाढले. बेसबॉल हा तिथला देवधर्म, पण गोऱ्यांच्या मोठ्या संघांत काळ्या माणसाला जागा नव्हती. तसा लेखी नियम कुठे नव्हता, सगळ्यांना ठाऊक असलेला होता. म्हणून काळ्यांनी आपले संघ काढले, आपल्या स्पर्धा उभ्या केल्या. रविवारी चर्च सुटलं की बायाबापड्या ठेवणीतले कपडे, टोप्या घालून थेट मैदानावर यायच्या. तिथे वडील असे खेळायचे की लोक म्हणायचे, या माणसाकडे चेंडू फेकल्यासारखा येत नाही, बोलावल्यासारखा येतो. पण तेवढ्यावर पोट भरत नसे. म्हणून उरलेले दिवस एका मोडक्या बसमधून गावोगाव जायचं आणि गोऱ्यांच्या गावठी संघांशी खेळायचं. खाणावळीत मागच्या दारानं पुडी मिळायची. हॉटेलात जागा नाही, म्हणून बसमध्येच झोप. अंघोळीला ओढा.

एका गावात ते नऊ धावांनी जिंकले. संध्याकाळी लोक जमले, बस पेटवली आणि त्यांच्या संघातल्या, सीमेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या एका पोराला इतकं मारलं की त्याचा एक डोळा गेला. पोलिस उभे होते. त्यानंतर संघाच्या मॅनेजरनं एक रीत पाडली. गोऱ्यांशी खेळताना डाव हातात आला की तो बाकावरून एक बोट वर करायचा. एक बोट म्हणजे एकच धाव. जिंकायचं, कारण हरलो तर पुढचं बोलावणं येत नाही. पण एकाच धावेनं जिंकायचं, कारण जास्त झालं तर बस पेटते.

"माझा बाप चेंडू सोडायचा सराव करायचा," वॉल्टर-सान म्हणाले. "तुला कळतंय का? पकडायचा नव्हे. सोडायचा. चुकून सुटला असं वाटलं पाहिजे. पाय घसरल्यासारखं, ऊन डोळ्यात गेल्यासारखं. घराच्या मागे तासन् तास. मी लहान होतो, मला वाटायचं, बाबांना पकडता येत नाही."

घासाघीस करणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. सौदा जिंकायचा, पण समोरच्याला वाटलं पाहिजे की तोच जिंकला. इतकी वर्षं मी हेच करत आलो होतो आणि त्याला अक्कल म्हणत होतो.

पुढे एकदा काळ्या खेळाडूंचा एक संघ जहाजानं जपानला आला. गोरे नामांकित खेळाडू इथे येऊन गाजले त्याच्याही आधीची गोष्ट. वडील आयत्या वेळी एका आजारी खेळाडूच्या जागी जहाजावर चढले. इथे त्यांना पुढच्या दारानं आत घेतलं. हॉटेलात पलंग, टेबलावर जेवण, लोक वाकून नमस्कार करतायत. आमच्या या नदीकाठच्या मैदानावरही ते खेळले. इथल्या पोरांचा खेळ तेव्हा कच्चा होता. पंधरा-वीस धावांनी धुऊन काढता आलं असतं. कुणी बस पेटवणार नव्हतं. मॅनेजरनं त्या दिवशी पहिल्यांदा बोट वर केलं नाही. उलट म्हणाला, आज खेळा रे, जसं येतं तसं खेळा.

"आणि माझ्या बापानं चेंडू सोडला," वॉल्टर-सान म्हणाले. "सोपा होता. उंच उडालेला, थेट हातात. कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही सोडायचा नव्हता. हात आपोआप उघडले. मरताना मला म्हणाला, त्या दिवशी कळलं, ते आता माझ्या हातांत गेलंय. ते काही कुणी वरून लावलेलं नाही, आत गेलंय." मग ते म्हणाले, "इथल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, किती सभ्य खेळाडू!"

ते मैदानाकडे वळले. "समीरला कुणी बोट दाखवलं नव्हतं, मोहिते."

यानंतर काही महिन्यांनी मैदानाची दुरुस्ती निघाली. नवी जाळी, नवे नळ आणि फाटकापाशी मैदानाच्या इतिहासाचा एक फलक. हे काम वस्तीच्या समितीकडे होतं आणि तिचे प्रमुख होते हत्तोरी-सान, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना गावातल्या एका घरात त्या काळ्या संघाचा फोटो सापडला होता. जुन्या वर्तमानपत्रांवरून सगळ्यांची नावं जुळली, एका माणसाचं सोडून. उजव्या टोकाला गुडघ्यावर बसलेला. त्याच्या जागी छापील नाव त्या आजारी खेळाडूचं होतं आणि तो तर जहाजावर नव्हताच. वॉल्टर-सान फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. "हे माझे वडील," म्हणाले. हा फोटो त्यांच्या घरीही होता.

हत्तोरी-साननी डोळे पुसले. खरंच पुसले, मी पाहिलं. मग त्यांनी फलकाचा मजकूर वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की हे खेळाडू अत्यंत सभ्य होते, दुबळ्या प्रतिस्पर्ध्याचा त्यांनी कधी अपमान केला नाही आणि त्यांच्या कोमल मनाची आठवण गावानं जपली आहे.

"हे काढा," वॉल्टर-सान म्हणाले.

त्यांना एक वाक्य हवं होतं, एकच. हे असं: 'मायदेशी गोऱ्या संघाला मोठ्या फरकानं हरवणं जिवावर बेतत असे, म्हणून या खेळाडूंना स्वतःचा खेळ लपवायला शिकावं लागलं, त्यांचा खरा खेळ इथेही कुणाला पाहायला मिळाला नाही.'

हत्तोरी-सान म्हणाले, "विचार करतो." इथे विचार करतो म्हणजे नाही, हे मला ठाऊक होतं. घरी येताना मी वॉल्टर-सानना म्हणालो, "हे माझ्यावर सोडा. आपल्याकडे विकायला एकच माल आहे, तुमच्या वडिलांचं नाव. ते फक्त तुम्ही सांगू शकता. वाक्य लिहून घेतल्याशिवाय नाव द्यायचं नाही."

त्यांना हे पटलं. बहुतेक गंमतही वाटली. "म्हणजे आता मी घासाघीस करतोय?"

"तुम्ही नाही. मी करतोय. तुम्ही फक्त खरा आकडा सांगितलाय."

समितीच्या खोलीत मी पुष्कळ वेळा जाऊन बसलो. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी वाकणं. एकदा म्हणाले, वाक्य लांब आहे. मी लहान केलं. एकदा म्हणाले, लहान मुलं वाचतील, फार अंधारं वाटेल. मी म्हणालो, मुलांनाच वाचायला हवं. एकदा म्हणाले, फलक आनंदाचा असावा. मग एका बैठकीत हत्तोरी-साननी खरी गोष्ट सांगितली. त्यांचे वडील तेव्हा दहाएक वर्षांचे होते आणि तो सामना पाहायला मैदानात होते. खेळ संपल्यावर एका काळ्या खेळाडूनं त्यांच्या डोक्यावर स्वतःची टोपी ठेवली होती. वडील आयुष्यभर ते सांगत आले. युद्धाच्या काळात अमेरिकन माणसं राक्षस आहेत असं शाळेत शिकवत होते तेव्हाही, दबक्या आवाजात, सांगत आले.

"माझ्या वडिलांनी पाहिला तो चांगुलपणा खोटा होता, असं तुम्हाला म्हणायचंय का, मोहिते-सान?"

यावर उत्तर होतं. टोपी खरी होती आणि सुटलेला चेंडूही खरा होता, दोन्ही लिहा, एवढंच उत्तर होतं. ते मी दिलंही. पण मग ते मान तिरकी करून हसले आणि म्हणाले, "तुम्ही नेहमी शांतपणे समजून घेता, म्हणून तुमच्याशी बोलता येतं."

माझा हात टेबलावर आपटला. चहा सांडला. मी काय बोललो ते मला धड आठवत नाही; अर्धं कोल्हापुरीत होतं. खोलीतले सगळे उठून वाकले आणि माफी मागू लागले. मी बाहेर पडलो तेव्हा कळलं होतं की आता हा दरवाजा बंद झाला. वॉल्टर-सानना सांगितलं तर ते खोकला लागेपर्यंत हसले. "इथल्या वीस वर्षांत पहिल्यांदा खरा आकडा लावलास!"

तो खोकला नंतर थांबला नाही. फुप्फुसाचं दुखणं निघालं, बरंच पुढे गेलेलं.

ते मैदानावर आले असा शेवटचा दिवस समीरच्या निरोपाच्या सामन्याचा होता. समीरचं पोस्टिंग संपलं होतं, तो पुण्याला परतणार होता. समोर पुन्हा त्याचे साहेब. समीरनं एकदा सीटवर गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि असा चेंडू टाकला की साहेबांची बॅट हवेत फिरेपर्यंत तो मागे वाजला होता. तीन चेंडू, तीनदा हवा, साहेब बाद. साहेब क्षणभर तसेच उभे राहिले, मग टोपी काढून समीरसमोर वाकले आणि हसत बाकाकडे गेले. समीर धावत आला. "सर, पाहिलंत? काहीच झालं नाही!"

"हो," वॉल्टर-सान म्हणाले. "तेच तर." मग इतक्या हळू म्हणाले की ते फक्त मला ऐकू आलं, "माझ्या बापालाही इथं काही झालं नसतं."

ते हॉस्पिटलात असताना समितीचा निरोप आला. शेवटचा प्रस्ताव होता. 'सभ्य' आणि 'कोमल' राहील. वाक्य येणार नाही. पण वडिलांचं नाव फोटोखाली स्वतंत्र ओळीत, इतरांपेक्षा मोठ्या अक्षरांत. मी तो घेऊन त्यांच्या खाटेशी गेलो. उगाच लपवत नाही, मला तो घ्यावासा वाटत होता. धंद्यात मी हेच शिकलो, मिळतंय ते आज घे, उरलेलं उद्या मागता येतं. आणि या माणसाकडे उद्या फार नव्हते.

"नाव तरी लागू दे," मी म्हणालो. "तुमच्या डोळ्यांदेखत लागेल. वाक्यासाठी मी भांडत राहीन. सोडणार नाही."

त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता. तोंडावरची नळी बाजूला करून म्हणाले, "माझा बाप हेच म्हणायचा. आज एक धाव घेऊ. उरलेलं पुढे."

"पण नाव नाही लागलं तर कुणालाच कळणार नाही ते कोण होते."

"आणि लागलं तर कळेल?" त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात अजून ताकद होती. "लोक फोटो बघतील, नाव वाचतील, म्हणतील, किती कोमल माणूस. त्यापेक्षा मोकळी जागा बरी. मोकळी जागा खोटं बोलत नाही."

मी वाद घातला. मरणाऱ्या माणसाशी मी किमतीवरून वाद घातला, कारण मला दुसरं काही येत नाही. शेवटी ते डोळे मिटून म्हणाले, "आयला, मोहिते. तू फार चांगला व्यापारी आहेस. आता पुरे."

दोन दिवसांनी ते गेले.

त्यांना रक्ताचं कुणी नव्हतं. इथे दहनानंतर नातेवाईक काठ्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात, दोघांनी मिळून एक हाड. एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला कुणीतरी हवं होतं. सुनंदा उभी राहिली. माझ्या वडिलांच्या अस्थी मी पंचगंगेच्या काठी हातांनी वेचल्या होत्या. तेव्हा हातांना चटका बसला होता, तो बरा होता. इथे लांब काठीच्या टोकावर काहीच जाणवत नव्हतं. पायांपासून सुरुवात करून वरवर यायचं, असं तिथला माणूस सांगत होता. हातांच्या हाडांपाशी आलो. सुनंदा हळूच म्हणाली, "नीट धरा. सुटायला नको." सुटलं नाही.

महिन्याभरानं हत्तोरी-सान यार्डावर आले. हातात रेशमी कापडात बांधलेला मिठाईचा डबा. तेलाचे डाग चुकवत, चांगले बूट सांभाळत आले. मी त्यांना आत बसवलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी पुढे केला. म्हणाले, फलक पुढच्या आठवड्यात लागतोय, मजकूर आता बदलता येत नाही, पण नावाची जागा राखून ठेवली आहे. वॉल्टर-सानच्या स्मृतीसाठी, त्यांनी मला सांगून ठेवलेलं ते नाव द्यावं. "त्यांच्या वडिलांनीच कदाचित माझ्या वडिलांच्या डोक्यावर टोपी ठेवली असेल, मोहिते-सान. मला त्या माणसाचं नाव घेऊन नमस्कार करायचा आहे."

ते खरं बोलत होते. वाईट माणूस नव्हता तो, म्हणूनच मला जड गेलं. वाईट माणसाला नाही म्हणायला मला मजा येते.

"नाही," मी म्हणालो.

ते थांबले. मला ओळखणारा प्रत्येक माणूस तिथे थांबतो. माझ्या 'नाही'नंतर नेहमी काहीतरी येतं. एक 'पण', एक 'बघा', एक दुसरा आकडा. ते वाट बघत राहिले. बाहेर फोर्कलिफ्ट बंद पडला, पुन्हा सुरू झाला. मी काहीच बोललो नाही. बऱ्याच वेळानं ते उठले, वाकले, मीही वाकलो. डबा टेबलावरच राहिला. ते गेल्यावर मी व्हॅनकडे गेलो, तिच्यात मागचं सीट नव्हतं, उघड्या पत्र्यावर बसलो. शिव्या आल्या नाहीत.

फलक लागला आहे. चांगला आहे, ऊन-पावसात टिकेल असा. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव आहे. उजव्या टोकाला गुडघ्यावर बसलेल्या माणसाखाली मोकळी जागा आहे. येणारे जाणारे समजतात की बिचाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसावं. आपली पोरं अजून रविवारी खेळतात. कुणाकुणाचे साहेब येतात, आणि कधी चेंडू मवाळ पडतो, कधी पडत नाही. मी आता बाकावरून ओरडतो.

समितीला सांगितलेली किंमत मी उतरवलेली नाही. एक वाक्य द्या, नाव घ्या. मी मेलो तर सौदाही संपला, हे मला कळतं. पण आत्ता इथे लिहिताना ते वाक्य मी पूर्ण लिहिलं आहे, एक शब्दही न गाळता. तेव्हा वाचणाऱ्यांपासून ते नाव मी अडवून ठेवू शकत नाही. फोटोत उजव्या टोकाला, गुडघ्यावर, मांडीवर टोपी ठेवून बसलेला तो सेकंड बेसचा खेळाडू म्हणजे एझ्रा टॉलिव्हर.